बेचिराख मुलखातला तंबू

१/ ओस पडलेल्या गावासाठी आपल्या महसुली दप्तरांत एक शब्द येतो : बेचिराख. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. आजचा थ्रेड अशाच एका मुलखाविषयी आहे. तो मुलूख म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा सदरलंड.

२/ गेल्या जूनमध्ये आई, आम्ही उभयता आणि दहा वर्षांची कन्या असे चौघे तंबू घेऊन इन्व्हर्नेसहून उत्तरेस निघालो. घाई कसलीच नव्हती. लेर्गच्या पुढे रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने कडेच्या रुंद जागेत थांबायचे. मैलोगणती माणूस दिसत नाही. मेंढ्या मात्र सर्वत्र.

३/ प्रवासी पुस्तिका या प्रदेशाला 'अस्पर्श निसर्ग' म्हणतात. परंतु दोनशे वर्षांपूर्वी स्ट्रॅथनेव्हर, म्हणजे नेव्हर नदीचे खोरे, गेलिकभाषक शेतकऱ्यांच्या वाड्यांनी भरलेले होते. जमीन सदरलंडच्या काउंटेसची. लहान कुळांपेक्षा चेव्हिअट मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणांतून तिला खंड अधिक मिळणार होता.

४/ म्हणून १८१४ आणि १८१९ साली येथील कुळे उठवण्यात आली आणि समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर वसवण्यात आली. ती परतू नयेत यासाठी घरांची छपरे जाळली गेली. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर याने खोऱ्यातील मोठे कुरण स्वतःच खंडाने घेतले होते. मनुष्यवध व जाळपोळीच्या आरोपांखाली त्याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला. तो निर्दोष सुटला.

५/ या खोऱ्यातील रोझल गावाचे १९६२ मध्ये उत्खनन झाले. आज तेथे गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती उरल्या आहेत. आई माहितीफलक न वाचताच म्हणाली, "हा गोठा. उताराच्या अंगाला आहे बघ, मूत वाहून जायला." तिचा तर्क अचूक होता : येथे माणसे आणि गुरे एकाच लांब छपराखाली राहत. आईचे आजोळ कोयनेच्या जलाशयाखाली गेले. त्यानंतर ती बराच वेळ तेथेच एका दगडावर बसून राहिली.

६/ रोझलचाच एक पाथरवट, डोनाल्ड मॅक्लाउड, याने पुढे वर्तमानपत्री पत्रांतून आपली आठवण नोंदवली : रात्री अकराच्या सुमारास टेकडीवर चढून त्याने २५० जळती घरे मोजली. कुळाच्या बाजूने लिहिलेली अशी साक्ष दुर्मीळ असते. इस्टेटीचे हिशेब मात्र हमखास जपले जातात.

७/ परतीच्या वाटेवर क्रोइकचे छोटे चर्च पाहिले. मे १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्ही येथून उठवलेल्या सुमारे ८० जणांनी त्याच्या दफनभूमीत आसरा घेतला. खांब रोवून, वर ताडपत्री आणि घोंगड्या टाकून त्यांनी एक लांबट तंबू उभारला होता. खिडक्यांच्या काचांवर त्यांनी कोरलेले शब्द आजही वाचता येतात. कोरणाऱ्यांची मातृभाषा गेलिक, पण मजकूर इंग्रजीत आहे. एका ओळीत ते स्वतःलाच पापी पिढी म्हणतात. घर गेले, आणि दोषही आपलाच, असे मानण्याइतकी माणसे खचली होती.

८/ कन्येने विचारले, "बाबा, आपल्याला रात्री कोणी उठवणार नाही ना?" नाही. २००३ च्या स्कॉटिश भूसुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू ठोकण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना राहण्याचा हक्क नव्हता, तेथे आम्हा परक्यांना दोन रात्रींचा मिळाला.

९/ तुम्हीही कधी अशा निर्मनुष्य मुलखात गेलात, तर तपकिरी माळावर मधेच दिसणारा गर्द हिरव्या गवताचा तुकडा शोधा. शेणखत घालून पिढ्यांनी कसलेली ती शेते असतात. रोझलला ती अजून स्पष्ट दिसतात.