दप्तर आणि साक्ष

‘दप्तर’ हा शब्द आपल्या आयुष्यात दोनदा येतो. पहिल्यांदा शाळेत जाताना तो पाठीवर असतो. दुसऱ्यांदा कचेरीत, फडक्यात बांधलेला, कपाटाच्या माथ्यावर असतो. पहिले दप्तर संध्याकाळी उतरवता येते. दुसरे पिढ्यानपिढ्या उतरत नाही. माझ्या आत्याचे असे एक दप्तर तालुक्याच्या न्यायालयात आहे. दावा बांधाचा. या दाव्यामुळेच आमच्या अभ्यासक्रमात नसलेला कायद्याचा एक धडा मला गिरवावा लागला.

कागद जपण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले. ते जुने कागद आजही बोलतात, कारण त्यांवर कुणाचे तरी हस्ताक्षर आहे, कुणाचा तरी शिक्का आहे. ‘हे मी लिहिले’ असे म्हणणारा माणूस त्या कागदामागे उभा आहे.

संगणकातील नोंदीमागे कोण उभे राहणार? माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाच्या पंक्तीत जागा मिळाली. त्याच कायद्याने १८७२ च्या पुरावा कायद्यात ‘६५ ब’ हे कलम घातले. नोंदीची प्रत पुरावा म्हणून चालेल. परंतु ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सहीनिशी प्रमाणपत्र द्यावे, अशी त्यात अट होती.

पुढे ई-न्यायालय प्रकल्प आला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जुन्या खटल्यांची कागदपत्रे संगणकात उतरवणे हे त्यातले एक मोठे काम. नागपूरला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ‘न्यायकौशल’ हे केंद्र सुरू झाले. दावा दाखल करण्यासाठी न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्याची गरज उरू नये, हा त्यामागचा हेतू.

या सुधारणेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पूर्वी आत्या एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याला जात असे आणि ‘पुढची तारीख’ एवढे दोनच शब्द घेऊन परत येत असे. आता प्रत्येक खटल्याला १६ अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो मोबाईलमध्ये घातला की तारीख घरबसल्या कळते. ज्याने तो हेलपाटा कधी घातला नाही, त्याला या सोयीची किंमत कळणार नाही.

अडचण आली ती पुराव्याच्या वेळी. २०२२ च्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने पहाटे यंत्र लावून बांध कोरला. आतेभावाने आपल्या फोनवर त्याचे चित्रण केले आणि ते आम्हा सर्वांना पाठवले. वर्षभराने तो फोन दुकानात देऊन त्याने नवा घेतला. चित्रण आमच्या घरातल्या चार फोनांवर आहे, परंतु वकीलसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मूळ फोन कुठे आहे?”

या प्रश्नाचे महत्त्व मला जालन्याच्या खटल्याने समजले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा त्यांचा मुद्दा होता आणि आधार होता कचेरीतील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी त्यांना प्रमाणपत्र दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवताना सांगितले की, प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही दुसऱ्याच्या हातातले प्रमाणपत्र मिळत नसेल, तर कायदा अशक्य गोष्टीचा हट्ट धरत नाही. आणि मूळ फोनच घेऊन त्याचा मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरजच नाही.

म्हणजे लाखमोलाचा पुरावा आमच्याकडे होता आणि तो जुन्या फोनच्या भावात गेला! यात आतेभावाला दोष कसा द्यावा? सातबारा पेटीत जपावा हे खेड्यात पोरालाही ठाऊक असते. फोन जपावा हे त्याला कुणी सांगितले होते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत : एक यंत्र सांभाळणाऱ्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. नोंदीचा ‘हॅश’ही त्यात लिहायचा. हॅश म्हणजे जणू त्या नोंदीच्या अंगठ्याचा ठसा. नोंदीत तिळभर फेरफार झाला तरी ठसा बदलतो. खोट्या चित्रणांच्या या काळात ही काळजी योग्यच आहे. परंतु शहरातील कंपनीला तज्ज्ञ सहज सापडतो. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकिणीने तो कोठे शोधावा, आणि त्याची फी कशातून द्यावी? मला वाटते, सरकारने तालुक्याच्या न्यायालयातच अशी प्रमाणपत्रे करून देण्याची सोय ठेवावी. दावा दाखल करणे सोपे झाले आणि सिद्ध करणे महाग राहिले, तर गरिबाच्या पदरात काय पडले?

हे सारे मी आत्याला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते सांगायला मी अजून जिती हाय न्हवं?”

वकीलसाहेबांनी साक्षीदारांच्या यादीत तिचे नाव पहिले घातले आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडी साक्षीला अजून कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र आत्याचे वय आता ७१ आहे, आणि तारीख अजून लागायची आहे.