अचूक वाक्य कोणते?



इंग्रजीच्या परीक्षेतला एक छोटा प्रश्न तुम्ही अनेकदा पाहिला असेल : 'खालील वाक्यांपैकी अचूक वाक्य निवडा.' यात लिहायचे काही नसते, फक्त खूण करायची असते. म्हणून पुष्कळ मुलांना हा प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तरपत्रिका तपासताना मला याच प्रश्नात भरपूर चुका दिसतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. "हे उत्तर कसे निवडलेत?" असे मी मुलांना विचारते. बहुतेक जण सांगतात, "आपा, कानाला जे बरे वाटले त्यावर खूण केली." कानाची मदत जरूर घ्यावी. पण आपला कान घरात आणि मोहल्ल्यात तयार झालेला असतो. त्याला उर्दूची सवय असते, मराठीची असते. इंग्रजी वाक्यही तो त्याच मापाने मोजतो.

एक उदाहरण पाहा.

(अ) माय फादर हॅव कम.
(आ) माय फादर हॅज कम.

आमच्या वर्गात बऱ्याच मुलांनी 'अ' निवडले. का बरे? घरी आपण 'अब्बा आया है' असे कधी म्हणत नाही. आपण 'अब्बा आए हैं' म्हणतो. मराठीतही 'वडील आले आहेत' असेच म्हणतात. व्यक्ती एक असली तरी आदरासाठी क्रियापद अनेकवचनी होते. इंग्रजीत तशी रीत नाही. तेथे क्रियापद आदर नव्हे, संख्या पाहते. वडील एक आहेत, म्हणून 'हॅज'. त्यामुळे वडिलांचा मान मुळीच कमी होत नाही.

हे ऐकून आठवीतली एक मुलगी उभी राहिली. ती एरवी वर्गात फारशी बोलत नसे. तिने विचारले, "आपा, मग आपली भाषाच चुकीची आहे का?"

वर्गात कोणी हसले नाही. पुष्कळांच्या मनात तोच प्रश्न होता.

मी फळ्यावर उर्दूचे आणि मराठीचे एकेक वाक्य लिहिले : 'लड़के ने आम खाए.' 'मुलाने आंबे खाल्ले.' खाणारा मुलगा एकच आहे. तरीही क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलले. आंबा एकच असता तर 'खाया' आणि 'खाल्ला' असे झाले असते. दोन्ही वाक्ये आपापल्या भाषेत अचूक आहेत. इंग्रजीत मात्र 'द बॉय हॅज ईटन द मँगोज' असे म्हणतात. आंबे कितीही असोत, येथे क्रियापद खाणाऱ्याकडेच पाहते. जो मुलगा येथे 'हॅव' निवडतो तो अडाणी नसतो. उर्दूचा आणि मराठीचा नियम त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. तो नियम इंग्रजीला लागू पडत नाही, एवढेच.

"बेटा, आपल्या भाषेत काही चूक नाही," मी म्हणाले. "प्रत्येक भाषेचा हिशेब वेगळा असतो. आपल्याला तीन हिशेब शिकायचे आहेत." तिने तिन्ही वाक्ये वहीत एकाखाली एक लिहून घेतली.

तुम्हीही असे करून पाहा. 'मैं पाँच साल से यहाँ रहता हूँ' हे वाक्य घ्या. मराठीत आपण म्हणतो, 'मी पाच वर्षांपासून येथे राहतो.' '२०२० पासून' म्हणायचे असले तरी उर्दूत 'से' आणि मराठीत 'पासून' हाच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र दोन शब्द लागतात. सुरुवात केव्हा झाली हे सांगायला 'सिन्स', आणि किती काळ गेला हे सांगायला 'फॉर'. शिवाय क्रियापदाचे रूपही बदलते. म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे चूक, आणि 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे अचूक.

परीक्षेत खूण करण्यापूर्वी तीन गोष्टी करा.

पहिली, कर्ता शोधा. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' यापुढे 'लिव्ह' येईल की 'लिव्हज'? 'फ्रेंड्स' हा शब्द क्रियापदाच्या शेजारी असल्यामुळे 'लिव्ह' बरोबर वाटते. पण राहणारा कोण? मित्रांपैकी एक जण. म्हणून 'लिव्हज'.

दुसरी, काळ तपासा. 'डिड यू वेंट?' यात भूतकाळ दोनदा आला आहे. 'डिड'ने तो एकदा सांगितला, आता 'गो' पुरे.

तिसरी, जे वाक्य तुम्ही सोडता त्यातल्या चुकीवर बोट ठेवा. चूक दाखवता आली नाही, तर वाक्य पुन्हा वाचा.

एका गुणासाठी एवढा विचार कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण पुढे तुम्ही नोकरीचे अर्ज लिहाल, पत्रे लिहाल. तेथे निवडायला चार वाक्ये कोणी देणार नाही. अचूक वाक्य तुम्हालाच तयार करावे लागेल. तेव्हा आज चूक झाली तर 'मला इंग्रजी येतच नाही' असे म्हणून पुस्तक मिटू नका. 'येथे माझ्या मनात कोणत्या भाषेचा नियम आला?' असे स्वतःला विचारा. उर्दू, मराठी आणि इंग्रजी ही तिन्ही वाक्ये वहीत शेजारी शेजारी लिहा. उत्तर तुम्हाला तेथेच सापडेल.