शेवटचा प्रश्न आधी

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभं राहिलेलं शार हाशामाईम सिनेगॉग आहे. इथल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतले कितीतरी जण पुढे इस्रायलमधल्या अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद या गावांत जाऊन स्थायिक झाले. पश्चिम आशियाचं राजकारण शिकवताना वाटाघाटींचा धडा मी याच मराठी माणसांच्या एका लढ्यापासून सुरू करतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला. बेने इस्रायल मुलामुलींना इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी होणार होती. शतकानुशतकं कोकणात शनिवार पाळणाऱ्या, तेलाचा घाणा त्या दिवशी बंद ठेवणाऱ्या समाजाच्या ज्यूपणावरच ही शंका होती. एकेका जोडप्याची सुटका करून घेण्यात या लोकांना रस नव्हता. आम्ही पूर्ण ज्यू आहोत की नाही ते आधी सांगा, असा आग्रह धरून ते जेरुसलेममध्ये धरणं देऊन बसले. ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

नागरिकांची ही मागणी आणि इस्रायल-पॅलेस्टाईन या दोन राष्ट्रांचा रक्तरंजित झगडा एका मापाने मोजता येत नाहीत. तरीही मूळ प्रश्न पुढे ढकलू द्यायचा नाही, ही त्यांची समज मला मोलाची वाटते, कारण १९९३च्या ऑस्लो करारात नेमकं उलट घडलं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे सगळे कळीचे मुद्दे नंतरसाठी ठेवले गेले. पाच वर्षांच्या हंगामी व्यवस्थेत विश्वास वाढेल आणि मग अवघड गोष्टी सोप्या होतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नोव्हेंबर १९९५मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून झाला, हमासने बसगाड्यांत स्फोट घडवले आणि वसाहती वाढतच गेल्या. करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळून पश्चिम किनाऱ्यावर लाखभर वसाहतवासी होते; आज ते पाच लाखांच्या घरात आहेत. शेवट ठरलेला नसला की मधला काळ तडजोडीच्या विरोधकांच्या हाती जातो.

याउलट इस्रायलची इजिप्तशी झालेली बोलणी आठवा. इजिप्तला सिनाई परत मिळणार हे १९७८मध्येच ठरलं होतं. फक्त टप्पे ठरवायचे राहिले होते. एप्रिल १९८२मध्ये यामित वसाहत उठवून इस्रायल बाहेर पडला, आणि तो करार आजही टिकून आहे.

डोंबिवलीत, कल्याणला व्याख्यान झालं की हमखास विचारतात, पहिली चूक कोणाची? मोजणी १९४८पासून करा, १९६७पासून करा नाहीतर ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यापासून. त्या दिवशी मारल्या गेलेल्या सुमारे बाराशे जणांचं आणि त्यानंतर गाझात मेलेल्या हजारो मुलांचं दुःख त्याने तसूभरही कमी होत नाही. आणि पुढचा करार कसा असेल, हेही त्यातून कळत नाही.

नजीकच्या काळात बोलणी यशस्वी होतील, असं मला वाटत नाही. जुलै २०२४मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राज्याला विरोध करणारा ठराव केला. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून महमूद अब्बास २००५मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते. त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये गाझात शस्त्रसंधी झाली. पण शस्त्रसंधीने सीमा ठरत नाही.

पण तोडगाच नाही असं म्हणणाऱ्यांनी २००८ सालच्या बोलण्यांतले नकाशे पाहावेत. तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट पश्चिम किनाऱ्याचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग मागत होते आणि बदल्यात दुसरीकडे जवळपास तेवढीच जमीन देऊ करत होते. अब्बास दोन टक्क्यांपर्यंत तयार होते. मधलं अंतर चार-साडेचार टक्क्यांचं होतं. पुढची बैठक जेव्हा होईल, तेव्हा हाच नकाशा पहिल्या दिवशी टेबलावर हवा.