सुईआधी बोट

ड्राय नीडलिंगसाठी, म्हणजे दुखऱ्या स्नायूत कोरडी सुई टोचून घेण्यासाठी, आलेला माणूस आधी सुईकडे बघतो. किती लांब आहे? दुखेल का? सुई भरीव असते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. ती टोचायची कुठे, हे माझी बोटं ठरवतात. निम्मा उपचार सुई पाकिटातून काढण्याआधीच झालेला असतो.

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या कारखान्यांतले कारागीर खांदे धरून येऊ लागतात. त्यांतलेच एक आखणी करणारे काका. मूर्तीचे डोळे रेखताना हात तासन्‌तास अधांतरी धरावा लागतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला तळवा ठेवून ते म्हणाले, "मॅडम, इथे आत ठणकतं. रात्री या कुशीवर झोपता येत नाही."

खांद्याचा सांधा मोकळा फिरत होता, मानेतली नस दबल्याची लक्षणं नव्हती. त्यांना पालथं झोपवलं. खवाट्याच्या हाडाचा आडवा कंगोरा चाचपला आणि त्याच्या खालून बोट हळूहळू फिरवत गेले. एके ठिकाणी मृदंगाच्या वादीसारखी ताणलेली पट्टी लागली. तिच्यातल्या एका बिंदूवर दाब देताच काका म्हणाले, "हीच कळ! पण तुम्ही दाबताय पाठीत आणि दुखतंय पुढे." इन्फ्रास्पायनेटस या स्नायूची हीच रीत. दोष मागे आणि कळ पुढे, कधी दंडातून खालपर्यंत.

प्लॅस्टिकच्या बारीक नळीवर टिचकी मारून सुई आत घातली, नळी काढली आणि सुई सावकाश पुढे नेली. पट्टीत पोचताच स्नायू क्षणभर फडफडला. ती फडफड काकांना आत जाणवली, मला बोटाखाली.

अशा दुखऱ्या बिंदूंचे आणि त्यांतून पसरणाऱ्या कळांचे नकाशे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी मांडले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या डॉक्टर. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये आला. त्याआधी, १९७९ मध्ये, चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांच्या अनुभवावरून दाखवलं होतं की औषध न भरताही नुसत्या सुईनं आराम पडतो. त्या बिंदूत नेमकं काय घडतं, यावर आजही वाद आहे. बहुतेक अभ्यासांत काही आठवडे दुखणं कमी झालेलं दिसतं, त्यापुढचा पुरावा तोकडा आहे. हे मी रुग्णाला आधीच सांगते. सुईनं मिळालेल्या त्या दिवसांत स्नायूला ताकद द्यायची, हाताखाली टेकू घ्यायचा, मधूनमधून हात खाली सोडायचा. काकांनाही हेच शिकवलं. ते केलं नाही तर पट्टी पुन्हा ताणली जाते.

दादरच्या फुलबाजारात ओझी वाहणारे येतात, गिरगावातून दिवसभर संगणकावर मान वाकवून बसणाऱ्या मुली येतात. दोघांचंही दुखणं बहुधा मानेपासून खांद्यावर उतरणाऱ्या ट्रॅपेझियसमध्ये. तिथे माझा हात सगळ्यात सावध असतो, कारण खाली फुप्फुसाचं टोक आहे. तो स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत उचलून धरायचा, आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची. दिशा चुकली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं.

देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं, पोलिओच्या साथीनंतर. दुबळ्या झालेल्या एकेका स्नायूची ताकद तेव्हा हातानंच जोखायची असे. आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या विद्येचा पाया तो हात आहे. सुई धरायला थोड्या दिवसांच्या वर्गात शिकता येतं. बोटाला जाण यायला वर्षं जातात, आणि त्यात कुणी घाई करू नये. सुई टोचून घ्यायची वेळ आली, तर समोरच्यानं आधी हातानं नीट तपासलं का, एवढं जरूर बघा. तपासलं नसेल, तर त्याला तिथेच थांबवा.