वाळूचे कडे आणि तिथीचे गणित



गिरगाव चौपाटीवर ओहोटीला दिसणारे, शर्टाच्या कॉलरसारखे वळलेले वाळूचे कडे हा कचरा नव्हे. ती मून स्नेल या समुद्री गोगलगायीची अंडी आहेत. मादी वाळूचे कण आपल्या चिकट स्रावात कालवते, त्यात असंख्य सूक्ष्म अंडी बसवते आणि ते कडे वाळूवर सोडून जाते. ओले असताना ते लवचिक असते. सुकले की हातात चुरते आणि आतले सारे जीव संपतात. तुझ्या फोटोत ते तुझ्याच बोटांत आहे आणि खाली लिहिले आहेस, ‘चौपाटीवरचे प्लास्टिक’. अंदमानाहून आल्यापासून मुंबईत कॅमेरा बाहेर काढावा असे काही नाही, हे तुझे पालुपद. इतका मोलाचा फोटो हातून निघाला आणि तुला तो ओळखू आला नाही, याचे फार वाईट वाटले.

या गोगलगायीची दुसरी खूण तर घरचीच. ती शिंपला आपल्या रुंद पायात धरते, कवचाला गोल भोक पाडते आणि आतला जीव खाते. आजी ज्या भोकाच्या शिंपल्या ओवून तुला माळ करून द्यायची, त्यांतली कितीतरी भोके अशीच पडलेली असणार. रिकामा शंखही किनाऱ्यावर वाया जात नाही. शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठे घर लागते. म्हणून शंखसुद्धा पिशवीत भरून आणू नयेत. आजीच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते, तुला सांगतो आहे.

वाळू संपली की मलबार हिलच्या पायथ्यापासून ब्रीच कँडी, हाजी अली, वरळीपर्यंत जागोजागी काळा कातळ लागतो. ज्या लाव्ह्यातून सह्याद्री घडला त्याच लाव्ह्याचा हा बेसाल्ट. ओहोटीला त्याच्या खळग्यांत पाणी उरते आणि त्या वीतभर पाण्यात समुद्रफुले, झोअँथिड या समुद्री जीवांचे हिरवे-केशरी गालिचे, कवच नसलेल्या रंगीत गोगलगायी, कधी एखादा ऑक्टोपसही दिसतो. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी लोकांना हे किनारे फिरवून दाखवतात आणि नोंदी ठेवतात. हाजी अली आणि वरळीला तर प्रवाळ आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत; किनारी रस्त्याच्या कामात २०२० साली त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. अंदमानात ज्यासाठी बोटीचे तिकीट काढलेस, त्याचे भाऊबंद दादरहून बसने गाठता येतात.

आता मुख्य गोष्ट. लेन्स कोणती, हा प्रश्न नंतरचा, आधी तिथी. कोकणात आणि कोळीवाड्यांत भरतीचे साधे गणित आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. गणित ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडू शकतो; नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत उधाण असते. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कधी ४ मीटरांहून जास्त होतो आणि एरवी झाकलेला कातळ उघडा पडतो. मुंबईत ही मोठी ओहोटी येते ती सकाळ-संध्याकाळ, तिरप्या उन्हाच्या वेळी. छायाचित्रकाराला याहून काय हवे? समुद्राकाठी जन्मलेल्या मुलाला स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळा पाठ असाव्यात आणि पाण्याची वेळ ठाऊक नसावी, हे मला पटतच नाही. ही पाऊणपट शाळेत पाढ्यांबरोबर शिकवली पाहिजे.

आणि तू लिहितोस, पौर्णिमेला दुपारी बाराला ब्रीच कँडीच्या खडकांवर उतरणार! अरे, तेव्हा समुद्र भरलेला असतो. सकाळी जा. ओहोटीच्या तासभर आधी उतरावे, पाणी फिरले की लगेच मागे यावे. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना मागची खाच भरते आणि परतीची वाट जाते. शेवाळावर पाय सरकतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. वाळूत पाय घासत चालावे, म्हणजे पाखट मासा आधीच सरकतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगावला पाखटांनी किती जणांना डंख केले ते आठवत असेल. पावसाळ्यात ब्लू बॉटल हे निळे समुद्री जीव वाहून येतात, ते मेलेले दिसले तरी त्यांना हात लावू नये.

दगड उलटायचे नाहीत, जीव हातावर घ्यायचा नाही. पाण्यावरची चकाकी पोलरायझरने जाते, त्यासाठी खळगा ढवळू नये. प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा आणि ओहोटीची वेळ लिहावी. तेवढ्याने तो पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो. त्या कड्याच्या फोटोखालीही लिही, आणि ‘प्लास्टिक’ खोडून टाक.

एकट्याने जाऊ नकोस. निघताना आईला परतीची वेळ सांग आणि घरी पोहोचलास की मला फोन कर.

तुझा,
मामा