रात्रभर भिजवलेले नट

पहाटे गाडी चालू केली की केबिनखालून टिक-टिक असा आवाज येतो. इंजिन तापलं की तो विरतो आणि ड्रायव्हर म्हणतो, मिटलं. मिटलेलं काहीच नसतं. इंजिन थंड असताना, जळालेला गॅस बाहेर नेणारा मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यात फट राहते. लोखंड तापून फुगलं की ती तेवढ्यापुरती बुजते, इतकंच. सोयाबीन वाहणारा असाच एक सहा सिलिंडरचा ट्रक वाशिमला अकोला नाक्याजवळच्या एका गॅरेजात संध्याकाळी येऊन लागला, तेव्हा मी तिथे होतो. मिस्त्रीने पाना मागितला नाही, टॉर्च मागितली.

केबिन पुढे कलंडवून त्याने प्रकाश मागच्या सिलिंडरवर धरला. जोडाच्या कडेने काजळीचा काळा पट्टा उमटला होता. गॅस तिथून निसटत होता. मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा एक स्टड तर तुटलेलाच होता. ड्रायव्हरची तक्रार वेगळी होती: चढावर गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर सोडते, डिझेलही जास्त खाते. मिस्त्रीच्या लेखी दोन्ही दुखणी एकच होती. टर्बोचं चाक या गॅसच्या जोरावर फिरतं. गॅस वाटेतच गळाला तर टर्बो इंजिनात पुरेशी हवा कोंबू शकत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं.

ड्रायव्हरला रातोरात निघायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "घाई नोका करू, भाऊ. स्टड हेडमंदी तुटला त दोन तासाचं काम दोन दिवसाचं होते."

हे वाक्य त्या गॅरेजात बहुधा रोजच ऐकू येत असेल. पण त्यामागे लोखंडाचा साधा हिशेब आहे. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा मॅनिफोल्डमधून ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला गॅस जातो. एक मीटर लांबीचं ओतीव लोखंड तेवढं तापलं की पाच मिलिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणून तर मोठ्या इंजिनांचा मॅनिफोल्ड बहुधा एकसंध नसतो. तुकडे एकमेकांत सरकते बसवलेले असतात. ते सरकते जोड काजळीने जाम झाले की सगळा ताण स्टडवर येतो, आणि बहुतेक वेळा टोकाचे स्टड आधी जातात. अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरचा घाट लागतो. माल भरून घाट चढायचा, वर आल्याआल्या ढाब्यावर इंजिन बंद करायचं, पुन्हा निघायचं. असं तापणं-निवणं वर्षानुवर्षं चाललं की लोखंड थकतं.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने प्रत्यक्ष दुरुस्तीला हात लावलाच नाही. बॅटरीची तार काढली. इंजिन निवेपर्यंत शिकाऊ पोराला जवळ फिरकू दिलं नाही: "गरम लोखंडाले हात लावू नोको, लेका." मग लोखंडी ब्रशने प्रत्येक स्टडचे आटे घासले, गंज सोडवणारं तेल नटांच्या बुडाशी सोडलं, हातोडीने हलकेच ठोकलं. ठोकल्याने गंज भेगाळतो आणि तेल आत शिरतं. झोपायच्या आधी तोच फेरा पुन्हा झाला. मधल्या वेळात सुट्या भागांची यादी लिहिली गेली: सगळ्या सिलिंडरची पॅकिंग, सगळे स्टड, सगळे नट, टर्बोच्या जोडाची पॅकिंग. ड्रायव्हरने विचारलं, एकच स्टड तुटलाय, तर सगळे कशाला? सगळ्यांनी तेवढाच ताप सोसलाय, हे उत्तर मला पुरेपूर पटलं.

सकाळी नट सुटले. जो अडला त्याला झटका न देता किंचित उलटं, किंचित सुलटं करत त्याने सोडवला. तुटलेल्या स्टडचा तुकडा हेडच्या थोडा बाहेर होता. त्यावर नवा नट वेल्ड केला; वेल्डिंगच्या आचेने आटे सैल झाले आणि तुकडा फिरून बाहेर आला. टर्बोचं तोंड मात्र आधीच स्वच्छ कापडाने बंद केलेलं होतं. गंजाचा एक खडा आत गेला तरी वेगाने फिरणारी पाती खराब होतात, आणि टर्बोचा खर्च मॅनिफोल्डच्या कितीतरी पट असतो.

मॅनिफोल्ड टेबलावर ठेवून त्यावर सरळ पट्टी धरली, खाली फिलर गेज सरकवून पाहिलं. टोकाला मॅनिफोल्ड वाकलेला निघाला. तडा असता तर प्रश्न वेगळा होता: ओतीव लोखंड आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून सावकाश निववावं लागतं, नाहीतर शेजारीच नवा तडा जातो. इथे फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेणं पुरेसं होतं, म्हणून मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे गेला. पुढची जोडणी सोपी होती. नट मधल्यापासून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले.

या गळतीकडे केवळ डिझेलचा खर्च म्हणून पाहणं मला मान्य नाही. तो धूर केबिनच्या बुडाशी साचतो आणि ड्रायव्हर-क्लीनर त्याच केबिनमध्ये झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला आहे.

वाशिम, मालेगाव, कारंजा भागातल्या गाडीमालकांना म्हणून विनंती आहे. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा पहाटे, थंड इंजिनावर, आपल्या गाडीचा आवाज स्वतः ऐका. टिक-टिक ऐकू आली तर पॅकिंग आणि स्टड आधी मागवून ठेवा, गाडी संध्याकाळी गॅरेजला लावा आणि मिस्त्रीला ती रात्र द्या.