सामाईक भिंत

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला डोंगराच्या कुशीत आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी रचली. तिच्यावर लिहिणारे बहुधा अंगणांबद्दल लिहितात: सात घरांच्या मध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचं थोडं मोठं अंगण, आणि पुढे तशीच चढती वीण. कोड लिहून पोट भरणाऱ्याची नजर मात्र भिंतींवर अडकते. या घरांना शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, जागेची चणचण उघड. तरीही जिथे एका भिंतीत भागलं असतं तिथे दोन उभ्या आहेत. विटा दुप्पट, सिमेंट दुप्पट, मजुरी दुप्पट. आमच्या धंद्यात याला सरळ पुनरावृत्ती म्हणतात आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यातला पोरगाही रिव्ह्यूमध्ये ती पकडून दाखवील. कोरियांनी ती जाणूनबुजून केली, कारण ही घरं वाढायची होती. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने खोली काढावी, मजला चढवावा. शेजाऱ्याची संमती किंवा त्याच्या भिंतीची ताकद आड येऊ नये. दुसरी भिंत हा त्या स्वातंत्र्याचा दाम होता, आणि तो आधीच मोजून टाकला होता.

रिफॅक्टरिंग म्हणजे काय, याची व्याख्या सोपी आहे: प्रोग्रॅम बाहेरून जसा वागतो तसाच वागत ठेवून त्याची आतली मांडणी बदलायची. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला. १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचं पुस्तक आलं आणि शब्द सगळीकडे रुळला. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत मात्र या कामाला ‘कोड क्लीन करणं’ म्हणतात, आणि घोळ त्या शब्दापासूनच सुरू होतो. केर डोळ्यांना दिसतो, म्हणून झाडू दिसेल तिथे फिरतो. कोडमध्ये चटकन दिसतं ते साम्य. दहा ओळी इथे, तशाच दहा ओळी तिथे. झाडू तिकडेच वळतो. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्येच ‘ड्राय’ हे तत्त्व मांडलं. आपल्याकडे ते ‘तोच कोड दोनदा लिहू नये’ असं पाठ केलं जातं. त्यांचं म्हणणं ज्ञानाबद्दल होतं: एखादी गोष्ट प्रणालीत एकाच अधिकृत जागी नोंदलेली असावी. ओळींची उजळणी त्यांनी गौण मानली होती. मी याला आणखी एक कसोटी जोडतो: हे बदलण्याचा अधिकार कोणाचा? दोन तुकडे एकाच्याच हुकमाने बदलणार असतील तर ते एक आहेत, मग दिसायला कितीही निराळे असोत. हुकूम देणारे दोन असतील तर आजचं साम्य योगायोगाचं, आणि त्यांच्यात सामाईक भिंत घालणाऱ्याला ती कधीतरी फोडावी लागते.

उदाहरण नवी मुंबईत दारोदार सापडेल असं घेऊ: गृहनिर्माण सोसायटीचं बिल. आदर्श उपविधींत थकबाकीवरच्या व्याजाला २१ टक्क्यांची कमाल मर्यादा राहत आली आहे. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष दर ठरवते ती सोसायटीची सर्वसाधारण सभा. आता समजा, एका सोसायटीने कमाल दरच लावला आहे. प्रोग्रॅममध्ये २१ हा आकडा दोन जागी येतो. एका जागी तो दर असतो. दुसऱ्या जागी, सचिवांनी भलताच दर भरू नये म्हणून केलेल्या तपासणीत, तो मर्यादा असतो. कोणीतरी व्यवस्थितपणाच्या हौसेने दोन्हींचा एक स्थिरांक करतो. रिव्ह्यू करणारा मान डोलावतो. पुढच्या वर्षी सभा दर १२ वर आणते, स्थिरांक बदलला जातो आणि राज्याने घातलेली मर्यादाही त्याच क्षणी १२ होते. त्याच प्रोग्रॅमवर चालणाऱ्या शेजारच्या सोसायटीला आपला रीतसर ठरलेला १८ टक्के दर भरता येईना की फोन खणखणतात. आकडा एक होता, मालक दोन होते.

याच सॉफ्टवेअरमध्ये खरी पुनरावृत्ती दुसरीकडे लपलेली असते, आणि ती दिसायला मुळीच सारखी नसते. बिल छापताना व्याज दिवसांवर काढलेलं, ३६५ ने भागून. थकबाकीदारांची यादी काढणाऱ्या डेटाबेसच्या क्वेरीत तेच व्याज महिन्यांवर, बाराने भागून. हिशेबनिसाच्या एक्सेल शीटमध्ये तिसराच हिशेब. तीन भाषा, तीन माणसं, तीन वर्षं. पण निर्णय एकच: सभेने ठरवलेलं व्याज कसं मोजायचं. बिल आणि यादी यांत चाळीस-पन्नास रुपयांचा फरक पडतो आणि सभासद तो कागद घेऊन सचिवांच्या दारात उभा राहतो. सारख्या ओळी शोधून देणारी साधनं अशा वेळी गप्प बसतात, कारण सारख्या ओळी नसतातच. जी पुनरावृत्ती ती दाखवतात ती पुष्कळदा निरुपद्रवी, आणि जी नडते ती त्यांच्या नजरेतून सुटते. पहिल्या प्रकारच्या साफसफाईत शाबासकी लवकर मिळते, हेही खरं.

मराठी मजकूर हाताळणाऱ्याला हा भेद भाषेनेच शिकवलेला असतो. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. शोध घ्यायला जावं तर एक लिहून दुसरा सापडत नाही. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही हे दोन एक होत नाहीत. एकाच शब्दाच्या या दोन नोंदी, म्हणून त्या एका जागी, मजकूर आत येतानाच, एक करून घ्यायला हव्यात. प्रत्येक शोधखिडकीने आपापली युक्ती करत बसायचं काम नाही. आता उलटा सापळा पाहा. अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा, असं समजून एखादा ती सरसकट पुसून टाकतो. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘आचाऱ्यास’मधून जॉइनर गेला की उरतो ‘आचार्यास’. लग्नघरच्या स्वयंपाक्याला धाडलेला निरोप गुरुजींना पोचतो. दिसण्यात तसूभर अंतर, अर्थात मुदपाकखाना आणि गुरुकुल एवढं. कोणतं साम्य खरं आणि कोणतं फसवं, हे अक्षरांकडे टक लावून कळत नाही. शब्द कोणाबद्दल आहे ते ठाऊक असावं लागतं.

गुंतागुंतीचंही असंच. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये तिचं एक माप दिलं: फंक्शनमध्ये जितक्या जागी वाट फुटते ती संख्या अधिक एक. दहाच्या वर गेलं की सावध व्हावं, असं त्यांनी सुचवलं, आणि आजची कित्येक साधनं हाच आकडा लाल रंगात दाखवतात. दोन वाटाफुटी असलेली दोन सारखी फंक्शनं घ्या. प्रत्येकाचं माप तीन. ती एक केली, फरकासाठी एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीचा खटका, घातला आणि तो तीन जागी तपासला तर नव्या फंक्शनचं माप सहा. बेरीज तीच, ओळी कमी, दहाच्या पुष्कळ आत. कागदावर सगळं छान. पण आधी वाचणाऱ्याला एका वेळी तीन वाटा डोक्यात धराव्या लागत, आता सहा. आणि त्यातल्या काही जोड्या प्रत्यक्षात कधी घडतच नाहीत, हे त्याला सांगणारं कोणी नाही. मग तिसरा वापरकर्ता येतो, ‘माझंही जवळपास असंच आहे’ म्हणत आणखी एक फ्लॅग टोचतो. असं फंक्शन वाचताना मला रात्री साडेनऊच्या पनवेल लोकलच्या डब्याची आठवण होते: चौथ्या सीटवर अर्धं टेकलेले सगळे, आणि उठायला कोणी तयार नाही.

फ्लॅगचं एक अस्सल स्थानिक उदाहरण म्हणजे ‘नवी मुंबईत आहे का?’ हो किंवा नाही, एवढंच उत्तर मागणारा हा प्रश्न वाशीपुरता निमूट चालतो. खारघरला तो कोसळतो. खारघर सिडकोच्या नवी मुंबईत आहे आणि तिथला माणूस पत्ता तसाच सांगतो. पण १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ते नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली, तेव्हा ते तिच्यात गेलं. वाशीचा जिल्हा ठाणे, खारघरचा रायगड. वाशीचा पिन ४००७०३, खारघरचा ४१०२१०. नियोजन, कर, जिल्हा, टपाल या चार वेगळ्या अधिकाऱ्यांच्या चार वेगळ्या नोंदी कोणीतरी एका होय-नाहीत कोंबलेल्या असतात आणि मग अपवादांची इफ-एल्सची रांग लागते. (सेक्टरच्या क्रमांकावर विसंबणाऱ्यांची गत याहून वाईट. सेक्टर १७ वाशीत आहे आणि खारघरमध्येही.) इथे रिफॅक्टरिंग म्हणजे कोड आटवणं नसून एका प्रश्नाचे चार करणं. ओळी वाढतात आणि गुंता कमी होतो. ‘किती ओळी उडवल्या’ हा हिशेब मांडणाऱ्यांना हे पचायला जड जातं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दोन प्रती ठेवल्या की एकीतला बग दुरुस्त होतो आणि दुसरीत तो तसाच कुजत राहतो. माणूस विसरतो, म्हणून एकत्र केलेलं बरं. हे मला मान्य आहे, पण त्यातला पुरावा उलट बाजूने वाचावा असं वाटतं. एकीतली दुरुस्ती दुसरीतही जशीच्या तशी लागली तर निर्णय एकच होता हे सिद्ध झालं. मग जरूर एक करा. दुसरीत ती लागली नाही तर वाचलात. गिटमधला इतिहास यासाठीच असतो: कोणत्या फायली पुन्हा पुन्हा एकाच कमिटमध्ये बदलल्या, हे तो न बोलता सांगतो. तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ येईपर्यंत थांबावं हा धंद्यातला जुना संकेतही त्यामुळेच. दोन उदाहरणांवरून योगायोग ओळखता येत नाही. घाईने सामाईक केलेलं स्वस्त पडतं हाही भ्रम आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. एरियान ४ मधला दिशादर्शनाचा कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त. तो १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. आणि ज्या हिशेबात हे घडलं, त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. उचललेल्या कोडबरोबर जुन्या घराची गृहीतकंही सामानात येतात.

दुसरा आक्षेप तंत्राचा नाही, पैशाचा आहे: चालू आहे ना, मग हात कशाला लावता? क्लायंट नव्या सुविधेचे पैसे देतो, आतल्या मांडणीचे देत नाही. या भीतीला मी भित्रेपणा म्हणणार नाही. चाचण्या नसताना केलेलं रिफॅक्टरिंग म्हणजे नुसता बदल, आणि नुसत्या बदलाला घाबरणं शहाणपणाचं आहे. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली वाट इथे उपयोगी पडते: आधी आहे ते वागणं, चुकीचं असलं तरी, चाचण्यांनी खिळवून ठेवायचं आणि मगच भिंतीला हात घालायचा. पण ‘हात न लावणं’ हा पर्याय मुळात खुला आहे का? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा देशातल्या जवळजवळ प्रत्येक बिलाच्या सॉफ्टवेअरला हात लावावाच लागला. ज्यांच्याकडे कराचा हिशेब एका जागी होता ते एका जागी गेले. बाकीचे शोधत बसले. वापरातलं सॉफ्टवेअर बदलत राहावं लागतं, आणि मुद्दाम श्रम घेतले नाहीत तर त्याचा गुंता वाढत जातो, हे मेयर लेमन यांनी सत्तरच्या दशकातच नोंदवलं होतं. सगळं पाडून नव्याने बांधू, असा तिसरा सूरही निघतो. तो बहुधा जुन्या कोडमधल्या प्रत्येक विचित्र ओळीमागे कोणाची तरी तक्रार आहे हे विसरलेल्या माणसाचा असतो. आणि आता यंत्रच कोड लिहून देतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की ओळी लिहिणं स्वस्त झालं. २१ हा आकडा सभेचा की उपविधींचा, ते त्या ओळींत कुठेच लिहिलेलं नाही.

चुकून बांधलेली सामाईक भिंत काढायची रीत मात्र ठरलेली आहे. सँडी मेट्झ यांनी ती नीट सांगितली आहे. एकत्र केलेलं फंक्शन, ते बोलावणाऱ्या प्रत्येक जागी पुरतं उतरवून घ्यायचं, फ्लॅगसकट. मग प्रत्येक जागी बघायचं की इथे फ्लॅगची किंमत नेहमी काय असते, आणि ज्या फांदीवर इथून कधी कोणी जात नाही ती छाटायची. पहिल्या कमिटला कोड फुगतो, एकाच्या चार प्रती दिसतात, आणि रिव्ह्यूत कोणीतरी ‘हे तर कॉपी-पेस्ट’ असं लिहितंच. त्याला तिथल्या तिथे उत्तर देण्यात अर्थ नसतो. छाटणी दुसऱ्या कमिटमध्ये असते. ती झाल्यावर चार जागी चार लहान फंक्शनं उरतात, आणि त्यांतली दोन खरोखरच एक असल्याचं पुष्कळदा तेव्हा कुठे दिसतं.